वाचल्यासारखं

चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने योगिताच्या हातात एक जाड पुठ्ठा दिला आणि म्हणाला, "वरून खाली वाचत या मॅडम. जिथं अडेल तिथं थांबा." ती घाईत होती. मोखाड्याला बैठक होती आणि जव्हारच्या स्टँडवरून जीप भरून निघायला किती वेळ लागेल याचा भरवसा नव्हता. गेले काही महिने संध्याकाळ झाली की कपाळाच्या आत कुणी बोट दाबून धरल्यासारखं दुखायचं. दिवसभर मोबाइलच्या पडद्यावर अंगणवाडीतल्या पोरांची वजनं, उंच्या, दंडाचे घेर भरायचे, रेंज नसली की तेच पुन्हा भरायचे. पर्यवेक्षिका म्हणून ती गावोगाव हिंडायची खरी, पण गाव तिने पाहिलं असं म्हणता येत नव्हतं. तर तिने पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला. वर मोठी अक्षरं, खाली लहान होत गेलेली, आणि सगळ्यांत शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांतला एक उतारा. ती मोठ्याने वाचू लागली. ‘बाईने दार उघडले तेव्हा अंगणात कोणी नव्हते. मघाशी वाळत घातलेले लुगडे मात्र दोरीवर नव्हते. तिने विहिरीकडे पाहिले. विहिरीच्या काठावर’. तिथे पुठ्ठा संपला. योगिताने तो उलटून पाहिला. मागे दुकानाचा पत्ता होता.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुढे काही नाही. तेवढंच छापतात." माणूस हसला. "तेवढं दिसलं म्हणजे झालं. तुम्हाला नंबर नसल्यातच जमा आहे."

ती जीपमध्ये बसली तेव्हा तिला स्वतःचा राग आला होता. एवढ्याशा उताऱ्याने भूक लागल्यासारखं व्हावं? गेल्या कित्येक वर्षांत तिने स्पर्धा परीक्षांसाठी ढिगाने उतारे वाचले होते. उतारा म्हटला की खाली प्रश्न असतात, प्रश्नांना चार पर्याय असतात, त्यातला एक बरोबर असतो, आणि तो शोधायचा तर उतारा शेवटून वाचायला घ्यायचा, ही युक्ती अभ्यासिकेत सगळ्यांना ठाऊक होती. त्या अभ्यासिकेत चैतन्य, आता तिचा नवरा, तिच्या समोरच्या टेबलावर बसायचा. दोघं एकमेकांना प्रश्न विचारायची, डब्यातली पोळी खातानासुद्धा. त्या वर्षांत वाचन या गोष्टीची तिच्यात काय अवस्था झाली हे तिला आज, वळणावळणाला डाव्या-उजव्या माणसांवर कलंडताना, पहिल्यांदा कळत होतं. बाईने दार का उघडलं असेल? लुगडं कुणी नेलं? प्रश्न होते आणि पर्याय नव्हते. आणि हे असं व्हायचं पूर्वी, हे तिला आठवलं. आश्रमशाळेत पुस्तकांचं कपाट कुलपात असायचं. एक बाई आठवड्यातून एकदा ते उघडायच्या आणि मुली धक्काबुक्की करायच्या, तेव्हा योगिता मागे उभी राहायची, कारण शेवटी उरणारं जाडं पुस्तक कुणालाच नको असायचं आणि तिला तेच हवं असायचं. त्याच्याही आधी, शाळेत जायच्या आधी, वीटभट्टीवर. तिचा बाप पुंजा साच्यात चिखल थापायचा, आई सुकरी चिखल आणून द्यायची. साच्याच्या तळाशी मालकाच्या नावाची अक्षरं उलटी, उठावाची असायची आणि विटेवर ती सुलटी उमटायची. ओल्या विटेतल्या त्या खोलगट अक्षरांमध्ये ती बोट फिरवायची. आई ओरडायची, वीट खराब होते म्हणून. ती अक्षरं म्हणजे कुणाचं तरी नाव आहे, हे तिला फार उशिरा कळलं. तोवर तिला वाटत होतं, विटेला तसंच अंग असतं.

बैठकीत तिला दोनदा काही विचारलं गेलं आणि दोन्हीदा तिने "हो सर" म्हटलं. परत येताना ती वाचनालयात गेली. दर आठवड्याला त्याच्यासमोरून जात असूनही ते चालू आहे की बंद, हे तिला ठाऊक नव्हतं. चालू होतं. पंढरीकाका नावाचे गृहस्थ वर्तमानपत्रावर डोकं टेकून झोपले होते. ते उठले, तिला पाहून म्हणाले, "स्पर्धा परीक्षेचं त्या कपाटात." ती म्हणाली, "गोष्टीचं हवंय." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि मग आतल्या खोलीतला दिवा लावला. तिने एक कादंबरी उचलली, पुठ्ठा सुटलेली, जाड. लेखकाच्या नावाचं पान गेलं होतं. एक अवंती नावाची बाई कुठल्याशा विणकरांच्या गावात खाणावळ चालवते, आणि एक दिवस तिच्याकडे जेवणारा एक माणूस ताट तसंच ठेवून उठतो आणि परत येत नाही.

पहिल्या संध्याकाळी तिच्या हातात आपोआप पेन्सिल आली. पहिल्याच परिच्छेदात तिने दोन शब्दांखाली रेघ मारली आणि मग थबकली. कशासाठी? कोण विचारणार होतं? तिने पेन्सिल टेबलावर ठेवली तर हात रिकामा रिकामा वाटू लागला. दहा-बारा ओळी झाल्या की मन उठून जायचं, उंबरठ्यावर बांधलेल्या वासरासारखं हिसके द्यायचं. फोन वाजला नव्हता तरी ती फोन पाहायची. त्या रात्री ती जेमतेम चार पानं वाचू शकली आणि तिला रडू यायचंच बाकी राहिलं, इतकं ते अपमानकारक होतं. पूर्वी हात सोडून सायकल चालवणाऱ्याने आता दांडा घट्ट धरूनही पडावं, तसं. पण दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा बसली, आणि तिसऱ्याही. मग एकदा केव्हातरी खाणावळीतल्या चुलीचा धूर तिच्या डोळ्यांत गेला, आणि तिने मान वर केली तेव्हा खिडकीबाहेर अंधार होता आणि चहाचा कप तिच्या पुढ्यात गार झाला होता. तो कुणी आणून ठेवला, केव्हा ठेवला, तिला कळलं नव्हतं. डोकं दुखत नव्हतं. छातीत मात्र काहीतरी दुखत होतं, आणि ते दुखणं तिला ओळखीचं होतं.

चहा चैतन्यने ठेवला होता. तो रोजच ठेवत होता. दुकान, वडिलांचं कापडाचं, संध्याकाळी तो लवकर आवरून यायचा, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसायचा. आईला, पुष्पावतीबाईंना, स्वयंपाकघरात हळू बोलायला सांगायचा. योगिताला हे दिसत होतं आणि ते आपल्यावरच्या प्रेमातून आहे असं ती धरून चालली होती. तसं ते होतंही. एकदा ती आतल्या खोलीत भाजी निवडत असताना तो पुस्तक हातात घेऊन दारात आला.

"ही कादंबरी आहे?"

"हो."

"म्हणजे खात्याच्या परीक्षेचं नाही."

"मी कधी म्हटलं परीक्षेचं आहे म्हणून?"

"तू काहीच म्हणाली नाहीस. मीच समजलो." तो बराच वेळ पानं चाळत राहिला. "मी टीव्ही मुका करून बसतोय, योगिता. आईला खोकूसुद्धा देत नाही. मला वाटलं, माझं तर झालं नाही, तू तरी अधिकारी होशील. त्यासाठी वाचतेयस."

"चैतन्य, मला वाचावंसं वाटतं. बास."

"वाटतं," तो म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "वाटायला काय, मलाही पुष्कळ वाटतं. तुला जागा मिळाली, तुला परवडतं."

‘जागा’ या शब्दावर त्याने किंचित दाब दिला, की दिला नाही? लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या शब्दाजवळून दोघं नेहमी अंग चोरून जात आली होती. तिच्या राखीव यादीतली कट-ऑफ, त्याच्या खुल्या यादीतली कट-ऑफ. तो तेवढंच बोलला आणि पुस्तक भाजीच्या ताटाजवळ ठेवून गेला. नंतर टीव्हीचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. ती मेथी निवडत राहिली. तिला जाणवलं, की पुस्तकं वाचायची थांबली होती तेव्हा हा शब्द तिला इतका लागत नसे. त्या वर्षांत बरंचसं लागलं नव्हतं. बाप भट्टीवरच वारला तेव्हा ती पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात होती, ती गेली, परत आली, पेपर दिला, बरा गेला. आता कुठल्याशा कादंबरीतली कुठलीशी बाई ताट उचलत नाही, तसंच राहू देते, मुंग्या येतात तरी राहू देते, आणि योगिताला बापाचं मेल्यानंतरचं तोंड आठवतं, ओठांच्या कडेला सुकलेला चिखल आठवतो. इतकी वर्षं ते कुठे होतं? याला वाचनाची गोडी म्हणतात का? मग तिच्या आश्रमशाळेच्या भिंतीवर जे लिहिलं होतं, वाचाल तर अमुक व्हाल, ते लिहिणाऱ्याला काही माहीत नव्हतं.

त्याच दिवसांत आईच्या, सुकरीच्या, डोळ्याचं ठरलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. जव्हारच्या शिबिरात शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर हिरवी पट्टी आली, मग काळा चष्मा आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, चुलीपाशी जायचं नाही, वाकायचं नाही, धूळ नको. पोशेऱ्याला गावच्या घरी पाठवण्यात अर्थ नव्हता. योगिताने तिला आपल्याकडे आणलं. चैतन्यने स्वतः खाटेवर चादर घातली. पुष्पावतीबाई म्हणाल्या, "या, विहीणबाई, संकोच करू नका," आणि मनापासून म्हणाल्या. फक्त चहा ज्या स्टीलच्या पेल्यातून दिला तो पेला दुसऱ्या दिवशीही तोच होता, तिसऱ्याही, आणि धुतल्यावर तो खिडकीत वेगळा उपडा घातलेला असायचा. योगिताने तो मुद्दाम इतर पेल्यांत मिसळून ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा खिडकीत होता. सुकरीला एका डोळ्याने दिसत होतं आणि ती तो पेला चहा झाला की स्वतःच उठून त्या खिडकीत नेऊन ठेवत होती.

सुकरीला नुसतं बसायची सवय नव्हती. ती हात मांडीवर ठेवून बसायची आणि हात आपोआप काहीतरी चोळत राहायचे. "मना अठं करमत नाय," ती दिवसातून कितीदातरी म्हणायची. योगिता कामावरून यायची, पाय धुवायची आणि तिच्या खाटेवर जाऊन बसायची, आणि मग दोघींना काय बोलावं कळायचं नाही. कोंबड्यांचं विचारून झालं, शेजारच्या सुकीच्या बाळंतपणाचं झालं, या वर्षी कोण कोण भट्टीवर गेलं हे झालं. नंतर पंख्याचा आवाज. शेवटी एकदा योगिता म्हणाली, "आये, वाचून दाखवू?"

"काय?"

"गोष्ट आहे. एका बाईची."

"वाच," सुकरी म्हणाली. तिचा चेहरा उजळला, निदान योगिताला तसं वाटलं. कुणी तरी तिला काही तरी देऊ करत होतं.

तिने अगदी पहिल्या पानापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा वाचताना तिला ते आणखी सुंदर वाटलं. वाक्यं तोंडातून बाहेर पडत होती आणि तिच्या आवाजाला एक वजन येत होतं, जे फोनवर "सर, डेटा भरलाय" म्हणताना येत नसे. अर्धं पान झाल्यावर तिने आईकडे पाहिलं. काळ्या चष्म्याआड काही दिसत नव्हतं.

"कळतंय ना?"

"कळतं. त्या बायला पोर नाय का?"

"ते पुढे येईल."

"मग रांधतं कुणासाठी?"

"लोकांसाठी. पैसे घेऊन जेवायला घालते. खाणावळ म्हणतात."

सुकरीने मान हलवली. योगिताला कळलं की पुस्तकातली भाषा तिच्यापर्यंत पोचत नाहीये, शाळेतल्या गुरुजींचं बोलणं पोचायचं नाही तशी. म्हणून ती वाचायची थांबली आणि घरच्या बोलीत सांगू लागली. इथेच ती अडली. वाक्य होतं, अवंतीला त्या रिकाम्या ताटासमोर बसून एकटेपण जाणवलं. एकटेपण? घरच्या बोलीत काय म्हणतात त्याला? ती म्हणाली, "तिला कोणी नव्हतं." पण ते तसं नव्हतं, खाणावळीत माणसं होती. ती म्हणाली, "तिला बरं वाटत नव्हतं." सुकरी म्हणाली, "ताप आला?" पुढच्या ओळीत विझत आलेले निखारे होते. वर राख, आत लाल. त्याला तिच्या बोलीत एक शब्द होता. थंडीत चुलीभोवती बसून आई हातातल्या काटकीने राख सारायची आणि तो शब्द म्हणायची, रोज म्हणायची. तो योगिताच्या जिभेपर्यंत येत होता आणि परत फिरत होता. तिने आईला विचारलं, "ते काय म्हणतो आपण? विस्तव, संपत आलेला, वरून राख असते." हे विचारताना तिच्या लक्षात आलं की ती हे मराठीत विचारतेय, पुण्यामुंबईच्या मराठीत, आणि बोली तिच्या तोंडात दोन शब्दांपलीकडे टिकत नाही. सुकरीने शब्द सांगितला नाही. कदाचित तिला प्रश्नच कळला नाही.

"वाच तू," ती एवढंच म्हणाली. "तुना आवडतं तं वाच."

योगिता वाचत राहिली, रोज थोडं थोडं. सुकरी ऐकायची, किंवा भिंतीकडे तोंड करून पडायची. चौथ्या का पाचव्या संध्याकाळी योगिता मध्येच पाणी प्यायला थांबली तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून पुष्पावतीबाईंचा आवाज आला.

"तो माणूस परत येतो का गं?"

योगिता दचकली. पुष्पावतीबाई लाटणं हातात घेऊन उभ्या होत्या. कणीक लागलेल्या हातांनी, डोळे मोठे करून.

"तुम्ही ऐकताय?"

"रोजच ऐकते. तुझा आवाज छान लागतो. ते ताटाचं वाचलंस ना परवा, मला झोपच लागली नाही. आमच्या मावशीकडे असंच झालं होतं." त्या पाट घेऊन दारातच बसल्या. "वाच की."

आणि तिने वाचलं. काय करणार होती? दारात बसलेली बाई प्रत्येक शब्दाला मान डोलावत होती, योग्य जागी ‘अगंबाई’ म्हणत होती. एकटेपण म्हणजे काय ते तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. हे पुस्तक तिच्यासाठीच, तिच्याच बोलण्यात लिहिलेलं होतं. खाटेवरची बाई पडून होती आणि तिचे हात एकमेकांना चोळत होते. योगिताला आपल्या आवाजाची लाज वाटू लागली आणि आवाज तरीही चांगला लागत होता.

पुष्पावतीबाई पोळ्या करायला आत गेल्या तेव्हा सुकरी उठून बसली.

"मना घरी जायचंय."

"डॉक्टर म्हणाले आणखी आठ दिवस."

"जाते मी. धूर लागला तं लागला."

"कुणी काही बोललं का? पेल्याचं..." योगिता हळू आवाजात म्हणाली.

"पेल्याचं काय? पेला चांगला हाय." सुकरीने काळा चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "तू बोलतंस ना माझ्यासंगं, जेवलीस का, औषध घातलं का, तं तेही वाचल्यासारखं बोलतंस. मना वाटतं, पान उलटलं का तू दुसरं कायतरी बोलशील. दुसऱ्या कुणाशी."

तिने हे रागाने म्हटलं नाही. हवा गार आहे असं सांगावं तसं म्हटलं. योगिताच्या मनात एकदम उत्तर तयार झालं, मग दुसरं, ती सगळी सुंदर, बांधेसूद वाक्यं होती आणि एकही तिला आईशी बोलता येण्यासारखं नव्हतं. तूच मला शाळेत घातलंस, असं एक वाक्य होतं. ते खरं होतं. भट्टीवरून आश्रमशाळेपर्यंत सुकरी तिला हाताला धरून घेऊन गेली होती, फाटकापाशी सोडलं होतं आणि मागे वळून न बघता गेली होती. आतून पोळीचा वास आला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती आईला स्टँडवर घेऊन गेली. पोशेऱ्याकडे जाणारी जीप उभी होती, आत दोघंच बसली होती. भरल्याशिवाय ती हलणार नव्हती. योगिताने सुकरीला खिडकीजवळ बसवलं, डोळ्याचे थेंब तिच्या पिशवीत वर ठेवले, कसे घालायचे ते पुन्हा सांगितलं आणि सांगताना स्वतःचा आवाज ऐकत राहिली. वाचल्यासारखा. तिने मुद्दाम अडखळून पाहिलं, तर ते आणखी खोटं वाटलं. मग ती जीपबाहेर, संत्रीवाल्याच्या गाडीशेजारच्या कट्ट्यावर बसली. जीपमधून सुकरी समोर बघत होती. थोड्या वेळाने एक बाई कोंबडी घेऊन चढली. मग आणखी कुणी नाही. ऊन तापत होतं. योगिताने पर्समधून रुमाल काढायला हात घातला आणि हाताला पुस्तक लागलं. शेवटची पंधरा-वीस पानं राहिली होती. पुष्पावतीबाईंना वाचून दाखवायचा हा शेवट तिने अजून स्वतःही वाचला नव्हता. जीप भरायला वेळ होता. एक पान, तिने ठरवलं. अवंती खाणावळीला कुलूप लावून पहिल्यांदाच गावाबाहेरच्या रस्त्याने निघाली होती, त्याला शोधायला नव्हे, नुसतीच, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट चालू होता, तो हळूहळू मागे पडत होता, आणि तिला पहिल्यांदाच स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू आला.

तिने मान वर केली तेव्हा जीपच्या जागी ऊन होतं. तेलाचा काळा डाग होता. तिने स्टँडभर पाहिलं. रस्त्याच्या वळणावरसुद्धा काही नव्हतं.

"गेली ती," संत्रीवाला म्हणाला. "म्हातारीनं हाक मारली तुम्हाला. दोनदा मारली. मी उठवणार होतो, तं ती म्हणाली, राहूं दे. वाचते ती."

योगिता उभी राहिली. फोन काढला, आईकडे फोन नव्हता, शेजारच्या सुकीच्या घरी लावावा लागायचा, आणि आई तिथे पोचायला अजून खूप वेळ होता. आपल्याला आता काय वाटायला हवं हे तिला स्पष्ट दिसत होतं, एखाद्या उताऱ्याखालचा बरोबर पर्याय दिसावा तसं. ते वाटायची ती वाट पाहत राहिली. पुस्तकाच्या पानांमध्ये तिचं बोट तसंच होतं. घरी चैतन्य असेल, टीव्ही चालू असेल, पुष्पावतीबाई विचारतील, पोचल्या का नीट, आणि मग विचारतील, पुढचं वाचतेस का. ती पुन्हा कट्ट्यावर बसली. संत्रीवाला तिच्याकडे बघत होता. तिने पान उघडलं. पहिली ओळ दिसली नाही, दुसरीही दिसली नाही, सगळं ओलं आणि विरघळलेलं होतं. तिसऱ्या ओळीपासून अक्षरं सरळ झाली, आणि ती वाचत गेली.